हृदयाची झडप आणि वऱ्हाडचा अनुशेष

सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येक नागरिकास, त्याच्या उत्पन्नाचा विचार न करता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यास केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रारंभ केला. महाराष्ट्र शासनाने त्यापूर्वीच, २०२३ साली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि शिधापत्रिकेच्या रंगाचा भेद दूर करून ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय घेतला होता. म्हातारपणी आजार आला म्हणजे शेत विकावे किंवा मरणाची वाट पाहावी, याखेरीज तिसरा मार्ग ज्यांना कधी ठाऊक नव्हता, अशा लक्षावधी कुटुंबांच्या दृष्टीने ही घटना सामान्य नव्हे. तथापि कोणत्याही विमा योजनेची खरी परीक्षा तिच्या मर्यादेच्या सीमेवर होत असते. वार्धक्याचा एक आजार असा आहे की, ज्यावरील उपचार आज उपलब्ध आहे, यशस्वी आहे, देशात बनतही आहे. आणि तरीही त्याचा खर्च या पाच लाखांच्या दोन ते चार पट आहे. हा आजार म्हणजे महाधमनीच्या झडपेचे आकुंचन होय. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या एका झडपेचा विचार केला, तर आपल्या आरोग्यव्यवस्थेतील बऱ्याच गाठी उकलून दिसतात.

आजार आणि उपचार

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत ज्या दारातून जाते, त्या दाराला तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. वयोमानानुसार या पाकळ्यांवर चुन्याचे थर साचतात, त्या ताठरतात आणि दार अरुंद होत जाते. हृदयाला तेच रक्त लहान फटीतून ढकलावे लागते. प्रथम चालताना दम लागतो, मग छातीत दुखू लागते, पुढे एखाद्या दिवशी घेरी येऊन माणूस पडतो. ही लक्षणे उमटल्यानंतर झडप बदलली नाही, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात. अरुंद झालेले दार उघडणारे औषध अद्याप निघालेले नाही. झडप बदलणे हाच उपाय आहे.

हृदयात कृत्रिम झडप बसविण्याच्या यशस्वी शस्त्रक्रिया १९६० पासून होत आल्या आहेत. परंतु त्यासाठी छातीचे हाड कापावे लागते, हृदय काही काळ थांबवावे लागते आणि रक्ताभिसरण यंत्रावर सोपवावे लागते. ऐंशीच्या घरातील, मूत्रपिंड वा फुफ्फुसे थकलेल्या रुग्णास हे सोसत नाही. या अडचणीवरील तोडगा डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांना सुचला. घडी घातलेली झडप नळीतून हृदयापर्यंत नेऊन तेथे उघडायची, या कल्पनेचे प्रयोग त्यांनी १९८९ साली डुकरांवर केले. मनुष्यावरील पहिला प्रयोग फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी केला. जांघेतील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवितात. तिच्या टोकाशी धातूच्या जाळीवर, गाय वा डुकराच्या हृदयावरणापासून तयार केलेली झडप मिटलेल्या छत्रीसारखी बसविलेली असते. योग्य जागी पोहोचताच ती उघडते आणि जुनी झडप भिंतीकडे दाबून तिची जागा घेते. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक रुग्ण चार-दोन दिवसांत घरी जातात. वैद्यकीय व्यवहारात या प्रक्रियेला ‘टावी’ म्हणतात.

हा केवळ श्रीमंतांच्या सोयीचा उपचार आहे, असे म्हणता येत नाही. शस्त्रक्रिया सोसणार नाही असे ठरलेल्या ३५८ रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ५१ टक्के रुग्ण वर्षभरात मरण पावले. टावी झालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. म्हणजे दर पाच रुग्णांमागे एक जीव वाचला. पक्षाघाताचा धोका मात्र या दुसऱ्या गटात अधिक आढळला. रोहिणीस इजा होणे, झडपेच्या कडेने रक्त झिरपणे, पुढे पेसमेकर बसवावा लागणे हे धोकेही आहेतच. २०१९ साली कमी जोखमीच्या रुग्णांवरील पाहण्याही अनुकूल निघाल्या आणि पाश्चात्त्य देशांत हा उपचार सर्वसाधारण झाला. पंचाहत्तरीच्या पुढे टावी, पासष्टीच्या आत शस्त्रक्रिया, आणि मधल्या वयात रुग्ण पाहून निर्णय, असा स्थूल दंडक आज मानला जातो.

कापसाच्या मापाने

भारतात टावीचा एकूण खर्च झडपेचा प्रकार, रुग्णालय आणि शहर यांनुसार सर्वसाधारणपणे दहा ते वीस लाख रुपयांच्या घरात जातो. त्यातील मोठा वाटा झडपेच्याच किमतीचा असतो. हा आकडा वऱ्हाडातील वाचकाने कापसाच्या मापाने मोजून पाहावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. पाच एकर कोरडवाहू शेतीत एकरी सात क्विंटल कापूस पिकला असे धरले, तर वर्षाची ठोक आवक २,८३,८५० रुपये होते. पंधरा लाखांची झडप म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाचे संपूर्ण पीक. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि घरच्यांचे पोट यांसाठी एक पैसाही न काढता! विम्याचे पाच लाख वजा केले तरी उरलेल्या रकमेसाठी साडेतीन वर्षांचे पीक लागेल. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाचे वा कारकुनाचे गणित याहून फारसे वेगळे येणार नाही.

अशा रुग्णांची संख्या किती असावी? २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८.९ लाख आणि अकोल्याची सुमारे १८.१ लाख, म्हणजे दोन्ही मिळून ४७ लाख होती. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे प्रमाण शेकडा दोनच धरले, तर ही संख्या ९४ हजार होते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत या वयाच्या शंभरांपैकी तिघांना तीव्र आकुंचन आढळले आहे. आपल्याकडे हे प्रमाण त्याच्या एक तृतीयांश मानले, तरीही या दोन जिल्ह्यांत नऊशेहून अधिक वृद्ध या आजाराचे धनी ठरतात. हा हिशेब मुद्दाम हात आखडून केलेला आहे. तरीही या संख्येच्या मानाने प्रत्यक्ष उपचार घेणाऱ्यांची संख्या नगण्य दिसते. बाकीचे कोठे आहेत, याचे उत्तर गावोगावच्या ओट्यांवर मिळते. ‘वय झाले, आता दम लागणारच,’ या एका वाक्यात घरच्यांनी आणि पुष्कळदा रुग्णाने स्वतःही त्या आजाराचे निदान करून टाकलेले असते.

निदानाची दरी

वस्तुतः या आजाराची पहिली खूण पकडण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा खरखरीत आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकू येतो. तो ऐकणारा कान आणि त्यानंतर खात्री करून देणारी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच इको, एवढ्याने निदान होऊ शकते. शासनाच्या असंसर्गजन्य रोगांच्या मोहिमेत तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर गावपातळीवर तपासण्याची सोय आहे. त्याच वेळी साठीपुढील प्रत्येकाच्या छातीला वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा स्टेथोस्कोप लावावा, हा त्यात घालावयाचा जोडअंक आहे. परंतु संशय आल्यावर रुग्णास पाठवायचे कोठे? अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी इको करणारा तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस जरी नियमाने आला, तरी रुग्णाचा अमरावती वा अकोल्याचा हेलपाटा, दिवसाची मजुरी आणि बरोबरच्या माणसाचा खर्च वाचेल. आज हा खर्च विम्यात मोडत नाही आणि अनेकांचा उपचार या पहिल्याच पायरीवर थांबतो.

पुढची पायरी नागपूरची. अमरावतीहून दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटर. अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी अमरावती-अकोल्याच्या खाजगी रुग्णालयांत होतात. टावीसाठी मात्र रुग्णास बहुधा नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरून जागतिक विक्रम करण्यात आला. यंत्रे, माणसे आणि पैसा एका जागी आणून ठरल्या वेळी काम पुरे करण्याची क्षमता आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. अकोल्यात मात्र प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून उभारलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, इमारत उभी राहूनही, पदनिर्मिती आणि यंत्रसामग्री यांअभावी दीर्घ काळ पूर्ण क्षमतेने चालू शकले नाही. रस्त्याचा ठेकेदार डांबर विकत आणू शकतो. हृदयशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित परिचारिका यांची पदे मंजूर करून, त्यांना टिकेल असे वेतन देऊन, वर्षानुवर्षे सांभाळावी लागतात.

प्रादेशिक असमतोलाची मोजणी करण्यासाठी राज्य शासनाने १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली होती. समितीने १९८४ च्या अहवालात तीन हजार कोटी रुपयांहून अधिक अनुशेष दाखविला आणि त्यात सिंचन, रस्ते, शिक्षण यांबरोबर आरोग्यसेवेचाही हिशेब मांडला. तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द वऱ्हाडच्या प्रत्येक सभेत घुमत आला आहे. परंतु त्या काळी तो खाटा आणि केंद्रे यांच्या संख्येत मोजणे भाग होते. आज केंद्रे आहेत, इमारती आहेत. अमरावतीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आता मोजायला हवे ते वेगळेच. दम लागणाऱ्या वृद्धाचा पहिल्या तपासणीपासून निदानापर्यंत किती काळ जातो, निदानापासून उपचारापर्यंत किती, आणि या दोहोंमध्ये किती जण गळतात, हा हिशेब आज कोणत्याही जिल्हा नियोजनाच्या बैठकीत मांडला जात नाही.

किमतीचा प्रश्न

किंमत ही दैवाने ठरविलेली वस्तू नाही, याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. परदेशी यांत्रिक झडपा सामान्यांच्या आवाक्याबाहेर होत्या, तेव्हा तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप विकसित करण्यात आली. पहिले तीन नमुने अपयशी ठरले. चौथा यशस्वी झाला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आला. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप मिळाली. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा याहून चांगला परतावा क्वचितच दाखविता येईल.

दुसरा अनुभव स्टेंटचा. २०१६ साली स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. तोवर तोच स्टेंट लाखाच्या वर विकला जात होता. काही कंपन्यांनी आपले महागडे प्रकार बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. रुग्णालयांचे एकूण देयक मात्र स्टेंटच्या किमतीच्या प्रमाणात उतरले नाही, अशी तक्रारही झाली. एका वस्तूची किंमत बांधली आणि बाकीचे देयक मोकळे सोडले, तर नफा एका ओळीतून उठून दुसऱ्या ओळीत जाऊन बसतो, हा त्यातील धडा होय.

टावीच्या झडपेबाबत परिस्थिती आज अनुकूल आहे. गुजरातमधील वापी येथील मेरिल या कंपनीच्या ‘मायव्हॅल’ झडपेला २०१८ साली भारतात परवानगी मिळाली. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ७६८ रुग्णांच्या पाहणीत ही झडप दोन प्रस्थापित परदेशी झडपांपेक्षा कमी प्रतीची नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे दर्जाच्या नावाखाली परदेशी किंमत मोजण्याचे कारण उरलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. तथापि ज्यांची कमाल किंमत बांधलेली नाही, त्यांच्यावर बंधन एवढेच की छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. मूळ किंमत किती असावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो सोडविण्याचा सरळ मार्ग सामूहिक खरेदीचा आहे. राज्याने आपल्या सर्व शासकीय रुग्णालयांसाठी व योजनेतील रुग्णांसाठी वर्षभराच्या झडपांची एकत्रित मागणी नोंदवावी आणि उत्पादकांना स्पर्धेत उतरवावे. एकेकटा रुग्ण रुग्णालयाच्या खिडकीपाशी भाव करू शकत नाही. राज्य करू शकते.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली अवयवप्रत्यारोपणासारख्या, पाच लाखांहून अधिक खर्च येणाऱ्या मोजक्या उपचारांसाठी राखीव निधीचा निर्णय घेतला, ही दिशा योग्यच आहे. परंतु यादीत उपचाराचे नाव असणे ही केवळ पहिली पायरी होय. किंमत न उतरविता निधी ओतला, तर त्याच पैशात थोडे रुग्ण बरे होतील आणि तो निधी प्रामुख्याने महानगरांतील खाजगी रुग्णालयांकडे वाहील. अमरावतीला या बाबतीत जुना अनुभव आहे. या योजनेचा मूळ अवतार २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला, त्यांत अमरावती होते. विमा आला म्हणून आपोआप सेवा उभी राहत नाही. पैसा सेवेच्या मागे जातो आणि सेवा जेथे आहे तेथेच साचते.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप निघेल आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील कुपोषित बालकांचा प्रश्न आहे, तेथे ऐंशी वर्षांच्या माणसावर दहा-पंधरा लाख खर्च करणे न्याय्य आहे काय? मर्यादित साधनांचा विनियोग हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. घशाच्या जंतुसंसर्गातून उद्भवणारा रुमॅटिक ताप लहान वयातच हृदयाच्या झडपा निकामी करतो. तो पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी द्यावयाचे पेनिसिलीनचे इंजेक्शन अत्यंत स्वस्त असते. अशा एका मुलाला नियमाने इंजेक्शन मिळाले, तर एक उमेदीचे आयुष्य वाचते. तेव्हा प्राधान्याचा क्रम लावायचा झाल्यास प्रथम हे इंजेक्शन, मग तरुण व मध्यमवयीन रुग्णांची झडप-शस्त्रक्रिया आणि त्यानंतर वृद्धांची टावी, असाच तो लागेल. पासष्टीच्या आतील रुग्णांना टावी सहसा सुचवितही नाहीत. त्यांच्यासाठी टावीच्या मानाने बरीच स्वस्त असलेली शस्त्रक्रिया हाच योग्य मार्ग आहे.

मात्र यावरून वृद्धांचा प्रश्न निकालात निघत नाही. शासन खर्च करीत नाही म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. तो कुटुंबावर पडतो. मुलाने वडिलांसाठी शेत विकले, तर त्या घरातील नातवाचे शिक्षण आणि पोषण यांवरच त्याचा भार येतो. शेत न विकण्याचा निर्णय घेणाऱ्या मुलाच्या मनावर जे ओझे राहते, ते तर कोणत्याही ताळेबंदात मावत नाही. शिवाय प्रत्येक वृद्धाला टावी करावी असे कोणी म्हणत नाही. ज्याची बाकीची गात्रे थकली आहेत, त्याला तिचा लाभ नाही. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी मिळून रुग्णाच्या प्रकृतीवरून करावयाचा असतो. आज तो रुग्णाच्या सातबाऱ्यावरून होतो, हीच खरी आपत्ती आहे.

काय करता येईल

प्रत्येक जिल्ह्यात टावीचे केंद्र काढा, ही मागणी सभेत टाळ्या मिळवील, परंतु ती रुग्णांच्या हिताची नाही. ज्या केंद्रांत वर्षाला मोजक्याच अशा प्रक्रिया होतात, तेथे मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असे अमेरिकेतील नोंदींच्या अभ्यासातून २०१९ साली दिसून आले. म्हणून विदर्भासाठी नागपूर येथे शासकीय क्षेत्रातील एक सक्षम केंद्र असावे आणि तेथे वऱ्हाडातील रुग्णांचा क्रम, प्रवासखर्च व सोबत्याची राहण्याची व्यवस्था योजनेतूनच व्हावी. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि अकोल्याचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय यांत झडपेची नेहमीची शस्त्रक्रिया करणारे पथक उभे करावे. अमरावतीच्या या शासकीय रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. अवघड काम येथे होऊच शकत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी इको आणि प्राथमिक केंद्रात स्टेथोस्कोप, ही या साखळीची शेवटची कडी वाटली तरी सुरुवात तेथूनच करावी लागेल. कारण ज्याचे निदानच झाले नाही, त्याच्यासाठी किंमत उतरली काय आणि चढली काय, सारखेच.

१९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, ते मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात. त्या काळी नव्या विद्येचा पहिला प्रवेश सार्वजनिक रुग्णालयात होत असे. आज तो खाजगी रुग्णालयांत होतो आणि सार्वजनिक रुग्णालय त्याची देयके भागविणाऱ्या योजनेच्या मागे उभे राहते. हा क्रम बदलण्यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. येत्या अर्थसंकल्पात अमरावती व अकोला येथील हृदयविभागांची रिक्त पदे किती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरणार, एवढ्या एका प्रश्नाचे लेखी उत्तर वऱ्हाडच्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात मिळवावे. दम लागला म्हणून पारावर टेकलेल्या वृद्धाला ‘वय झाले’ असे सांगण्यापूर्वी त्याची छाती तपासणारा कोणीतरी त्याच्या गावापासून बसच्या एका फेरीच्या अंतरावर असला पाहिजे. एवढी व्यवस्था झाली, तर पाच लाखांच्या त्या संरक्षणाला काही अर्थ येईल.